त्या पुस्तकात विहीर नव्हती

दरड कोसळली तेव्हा माझी थोरली विहिरीच्या तळाला बसून वाटीनं घागर भरत होती. आवाज मोठा झाला नाही. ज्वारीचं पोतं खाली टाकावं तसा धप्प आला आणि धूळ वर आली. मी काठावर दोर धरून उभी होते. खालचं काही दिसेना. हाक मारली, उत्तर नाही. शेजारीण म्हणाली, "गेली गं पोर." मी तिच्या थोबाडीत मारली आणि दोराला धरून खाली उतरले.

पोर कमरेपर्यंत मातीत गाडलेली. तोंड उघडं आणि तोंडात माती. मी बोट घालून माती काढायला लागले तर तिनं माझं बोट चावलं. तेव्हा कळलं की जिवंत आहे. डावा पाय दगडाखाली होता. तो दगड मी एकटीनं सरकवला. आज मला खाटेवरून उठायला भिंत धरावी लागते, पण तो दगड मी सरकवला होता. पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता. वरून सासू ओरडली, "पोरीला काढ, पर घागर इसरू नगंस!"

सासूला नावं ठेवू नका. घागर अर्धी भरली होती आणि घरात दुसरं पाणी नव्हतं. मी घागरही वर आणली.

पोरीला पाठीशी बांधून वर चढताना माझ्या डोक्याशी एक लोखंडी पाइप लोंबत होता. त्याच्या तोंडाची जाळी अजून ओली होती. रात्रभर पाझरून जे पाणी विहिरीत साठलं होतं ते त्या पाइपानं पहाटेच ओढून नेलं होतं. ते गुलाबाला गेलं होतं. पुढं मी जे केलं ते त्या ओल्या जाळीकडं बघून ठरवलं. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. ज्यांचा निवत असेल त्यांचा निवो.

आमचं गाव मुरुमच्या बाजाराला जाणारं. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो आमच्याकडं त्याच्या आधीच सुरू झाला होता. गावात तेव्हा पाणी सोसायटी निघाली होती. सगळ्यांनी मिळून विहिरीला मोटार बसवायची, पाइप टाकायचा, उसाच्या बेण्याची रोपं वाढवायची आणि पाऊस पडला की सगळ्यांना वाटायची, असं ठरलं होतं. ठरलं तेव्हा आम्हीही अंगठे दिले. मी सही केली, कारण मी चौथी शिकलेली. सोसायटीचा जो चेअरमन झाला त्यानं मोटार आमच्या वस्तीच्या विहिरीवर बसवली. गावात बाकी विहिरी आटल्या होत्या, आमच्या विहिरीला तेवढा झरा होता. बेण्याची रोपं काही महिन्यांत वाळली. पाइप मात्र राहिला, आणि तो चेअरमनच्या नव्या बंगल्याकडं वळला.

बंगल्यात बाग करायची होती. ती बाईसाहेबांना करायची होती, म्हणजे चेअरमनच्या बायकोला. बाईसाहेब हैदराबादकडच्या. निजामाच्या काळात त्यांचे वडील कुण्या गोऱ्या साहेबाकडं कारकून होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्यानं जाताना एक पुस्तक दिलं. लाल पुठ्ठा, कडांना सोनेरी रंग, मुलांसाठी काढलेलं इंग्रजी पुस्तक. बाईसाहेब सांगायच्या, "शंभर वर्षांचं आहे. हात धुऊन ये मग हात लाव." बाईसाहेबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मलाही येत नव्हतं. तेवढ्यापुरत्या आम्ही सारख्या.

मी त्या बागेत कामाला होते. मजुरीला ज्वारी मिळायची. मालक, म्हणजे माझा नवरा, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा आणि आठवड्यानं यायचा. घरात सासू, दोन पोरी आणि एक बैल. बैलाचा जोडीदार आम्ही आधीच विकला होता. कुणी म्हणेल, ज्या पाण्यापायी पोर विहिरीत उतरली तेच पाणी तू गुलाबाला घालत होतीस. होय, घालत होते. मजुरीच्या ज्वारीवर पोरं पोसणाऱ्याला दुसरं काही विचारा.

बाईसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसायच्या, पुस्तक मांडीवर उघडायच्या आणि बोट ठेवून सांगायच्या, "हे बघ. असं पाहिजे मला." त्यामुळं ती सगळी चित्रं माझ्या डोळ्यांपुढं अजून आहेत. एका चित्रात फुलांच्या वाफ्यात एक गोरी पोरगी उभी होती. डोक्यावर गवताची टोपी, पांढरं शुभ्र झबलं, हातात झारी, आणि झारीतून पाण्याच्या बारीक रेघा पडतायत. एका चित्रात लाकडी हातगाडीत एक पोरगा बसलाय आणि दुसरा ढकलतोय. एकात पांढऱ्या दाढीचा म्हातारा फावड्यावर हात ठेवून उभा आणि भोवती पोरं त्याच्याकडं बघतायत. एका ठिकाणी फळाचं झाड भिंतीला हातपाय ताणून खिळल्यासारखं बांधलेलं. बुजगावण्याच्या अंगावर जो कोट होता तसला माझ्या नवऱ्याच्या अंगावर लग्नातही नव्हता.

त्या चित्रातली सगळी पोरं गुबगुबीत. कुणाच्या नाकाला शेंबूड नाही, नखात माती नाही. शेणाची पाटी कुठं नाही. म्हातारा काम करतो असं म्हणावं तर त्याच्या कपाळाला घाम नाही. पण माझ्या डोक्यात भरली ती दुसरीच गोष्ट. मी एक दिवस विचारलं, "बाईसाहेब, हिची झारी कुठं भरत्यात?"

"म्हणजे?"

"हिर कुठं हाय?"

बाईसाहेब हसल्या. "अगं, चित्र आहे ते."

"चित्र हाय खरं. पर झाडाला खोड काढलंय, पोरीला टोपी काढलीय. मग हिर का न्हाय काढली?"

"तिकडं पाऊस पडतो रोज," त्या म्हणाल्या. "बोलू नको, वाफा ओला कर."

रोज पाऊस पडतो तर झारी कशाला, हे मी विचारलं नाही. उलट बोललं की ज्वारी मोजून द्यायच्या वेळी त्यांचा हात आखडायचा.

मागच्या वर्षी नातीनं मोबाइलवर तसली चित्रं दाखवली. ती धाराशिवला शाळेत शिकवते. म्हणाली, "आजी, त्या काळात पोरांच्या पुस्तकांत अशी बागेची चित्रं खूप असायची. दीडशे वर्षं झाली." मी म्हणाले, "यात विहीर शोध." ती बोटानं सरकवत राहिली. तीच पोरगी, तीच टोपी, तीच झारी, दुसऱ्या रंगाचं झबलं. बऱ्याच वेळानं एका चित्रात एक हातपंप सापडला. त्याच्याखाली पोरं खेळत होती. नात म्हणाली, "सापडला ना?" मी म्हणाले, "मोबाइल ठेव आणि चहा टाक."

बाग मलाही माहीत होती. माझ्या घरामागं न्हाणीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू होतं, तोंडल्याचा वेल होता, दोन मिरच्यांची झाडं होती. घरातली माणसं आंघोळ करायची, भांडी तिथंच विसळायची, आणि तेच पाणी वेलाला. आमच्याकडं बाग अशीच असते. माणसाच्या अंगावरून उरलं तर झाडाला. बाईसाहेब एकदा वस्तीवर आल्या तेव्हा पदर नाकाला लावून म्हणाल्या, "काय गं हा चिखल!" त्या वर्षी आंघोळ बंद झाली तशी न्हाणी कोरडी पडली. आधी अळू गेलं, मग मिरच्या. तोंडल्याचा वेल शेवटपर्यंत दम धरून होता. तोही गेला. बंगल्यात त्याच महिन्यात कोबीचे गड्डे धरले होते. चित्रात कोबी होता म्हणून कोबी. कुणी खायला लावला नव्हता, रांगेत दिसायला लावला होता.

मग फोटोचं निघालं. बाईसाहेबांना चित्रासारखा फोटो पाहिजे होता. मुरुमहून पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तेलाच्या डब्याची झारी करून आणली, तिला पांढरा रंग दिला. शिंदीच्या पातीची टोपी विणून घेतली. त्यांना स्वतःला पोर नव्हतं, म्हणून माझी थोरली उभी केली. ती रंगानं जरा उजळ, एवढंच कारण. तिला त्यांनी साबण लावून तोंड धुवायला लावलं. त्या उन्हाळ्यात तिच्या तोंडाला पाणी लागलं ते तेव्हाच. झबलं घातलं, टोपी घातली, गुलाबापाशी उभी केली. फोटोवाला काळ्या कापडाखाली शिरला. बाईसाहेब मला म्हणाल्या, "झारी भर. धार पडताना दिसली पाहिजे."

मी झारी भरून पोरीच्या हातात दिली. पोरीनं काय केलं असेल? पोरीनं झारी उचलून तोटी तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायली. झबल्याचा पुढचा भाग ओला झाला. फोटोवाला कापडातून तोंड बाहेर काढून हसला. बाईसाहेब पायऱ्या उतरून आल्या आणि माझ्या देखत पोरीच्या कानाखाली मारली.

"झबलं भिजवलंस! आता वाळेपर्यंत ऊन जाईल!"

पोर रडली नाही. तोंडातलं पाणी गिळून मग माझ्याकडं बघितलं. झबलं वाळल्यावर फोटो निघाला. त्यात ती जरा वाकून झारी धरून उभी आहे, चित्रातल्यासारखीच. मार बसलेला गाल तेवढा गोरा दिसत नाही एवढंच. तो फोटो बंगल्याच्या बैठकीत लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दरड कोसळली.

हाड बसवणाऱ्यानं पाय ओढला, बांबूच्या कांबीनं बांधला. म्हणाला, "चालंल. पर पयल्यासारखी न्हाय चालणार." मी चार दिवस कामावर गेले नाही. गेले तेव्हा बाईसाहेबांना सांगितलं काय झालं ते. त्यांनी च्-च् केलं. मग म्हणाल्या, "नशीब गं, फोटो आधीच काढून झाला."

हे वाक्य त्या वाईट मनानं बोलल्या असं मी म्हणत नाही. सहज बोलल्या. म्हणून तर ते माझ्या ध्यानात राहिलं.

आधी मी सरळ मार्गानं गेले. चेअरमनच्या पुढं जाऊन उभी राहिले. ते झोपाळ्यावर पान लावत होते.

"साहेब, मोटार बंद ठेवा. हिरीत पोरं उतरायला लागल्यात."

"सोसायटीचा ठराव आहे," ते म्हणाले. "रोपवाटिकेला पाणी चाललंय."

"रोपवाटिकेत गुलाब कवापास्नं लावायला लागलेत?"

"तोंड सांभाळ. तुझा घरवाला दुष्काळी कामावर आहे ना? मुकादम माझा माणूस आहे."

"ठावं हाय."

"मग जा. कोबीला पाणी घाल."

मी जाऊन कोबीला पाणी घातलं.

घरी दुसरंच दुखणं. विहिरीच्या तळाला माणसांनी खणलेला खड्डा एवढा अरुंद होता की त्यात लहान पोरच बसू शकायचं. दरड काढून झाल्यावर वस्तीतल्या दुसऱ्या घरांची पोरं उतरायला लागली, आमच्या घागरीचा नंबर शेवटी. ज्याचं पोर उतरेल त्याची घागर आधी, असा न्याय होता. काही दिवस शेजारणीनं एक कळशी दिली. थोबाडीत मारलेली विसरली नव्हती ती, पण दिली. मग तिनंही हात वर केले. श्रावण कोरडाच चालला होता. सासू एका संध्याकाळी चुलीपाशी बसून म्हणाली, "आता धाकटीला उतरवायचं."

धाकटी तेव्हा परकराची गाठ स्वतःला मारता येत नव्हती एवढी लहान.

"ती न्हाय उतरणार," मी म्हणाले.

"मग काय पिऊ? तुझा राग पिऊ?"

"पोळा हू द्या, आत्याबाई. पोळ्यापतोर थांबा."

"पोळ्याला काय व्हणार हाय? बैल पानी आणणार हाय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

पोळ्याचा मान आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एका जुन्या घराचा. त्या घरच्या म्हाताऱ्याला सगळं गाव आबा म्हणायचं. मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, आधी मानाची जोडी तोरणाखालून जाते, मग सगळ्या गावाची. त्या वर्षी चेअरमननं मान आपल्याकडं ओढला. तालुक्याहून साहेब लोक जेवायला येणार होते, त्यांना पोळा दाखवायचा होता. तोरण बंगल्याच्या फाटकाला बांधायचं ठरलं. त्यांची जोडी आतून बाहेर येणार, तोरणाखालून निघणार, बाकीचे बैल बाहेरच्या बाहेर उभे. आबा एवढंच म्हणाले, "घ्या मान. मान घ्यायचा तर सगळाच घ्यायचा असतो."

ते ऐकलं तेव्हाच मला काय करायचं ते कळलं होतं, म्हणून तर सासूला पोळ्यापर्यंत थांबवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मी बाईसाहेबांना म्हणाले, "मानाच्या घरच्या बाईनं गावच्या सगळ्या बैलांना आवतन द्यायचं असतंय. आबाच्या घरची म्हातारी द्यायची. आता तुमचा मान."

खोटं नव्हतं ते. आबाची म्हातारी पूर्वी द्यायची.

बाईसाहेबांना ते आवडलं. त्यांनी जरीचं लुगडं नेसलं आणि संध्याकाळी फाटकात उभ्या राहिल्या. मी वाटी धरून मागं. गावातला एकेक बैल त्यांच्या पुढून गेला. कसले बैल! बरगड्या मोजाव्यात असे. कडबा कधीच संपला होता. लोकांनी घरावरच्या छपराचं काळं गवत ओढून बैलांना घातलं होतं, आमचंही अर्धं छप्पर आमच्या बैलाच्या पोटात होतं. बाईसाहेबांनी प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावलं आणि मोठ्या आवाजात, सगळ्या गावादेखत, गोड हैदराबादी हेल काढून म्हणत राहिल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. आबा काठीवर हनुवटी ठेवून बघत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

पोळ्याच्या दिवशी बंगल्याच्या चुलीवर मी पुरणाच्या पोळ्या लाटत होते. गावात रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी जोंधळ्याच्या भाकरी आणि इथं पुरण. पुस्तक व्हरांड्यात खुर्चीवर पडलं होतं. मी हात धुतले. बाईसाहेबांची शिस्तच होती ती. मग झारीवाल्या पोरीचं पान फाडलं, बारीक घडी केली आणि एका पोळीत घालून वरून तुपाचा हात फिरवला.

दुपार कलताना वाजंत्री वाजली. साहेब लोक व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसले. चेअरमनची जोडी झुली घालून, शिंगं रंगवून तोरणाखालून बाहेर निघाली. टाळ्या झाल्या. बाहेर गावाचे बैल उभे होते. धुतलेले नव्हते, नुसते पुसलेले. बाईसाहेब ताट घेऊन एकेकाला ओवाळत होत्या, घास देत होत्या. आमचा बैल घेऊन मालक आला. एकटाच बैल, जोडीविना. बाईसाहेबांनी हात मागं केला, मी ती पोळी हातात दिली. त्यांनी आपल्या हातानं त्याच्या तोंडात घातली. त्यानं दोनदा तोंड हलवलं आणि गिळली. टोपी गेली, झबलं गेलं, झारी गेली.

"फाटक लाव आता," चेअरमन आतून म्हणाले.

मी हलले नाही.

"ऐकू येत नाही का गं? फाटक लाव!"

"तोरणाचं फाटक लावत न्हाईत, साहेब," मी म्हणाले. "आणि आवतन दिलंय की त्यास्नी."

फाटकातून आतलं हिरवं दिसत होतं. त्या जनावरांनी कित्येक महिन्यांत हिरवं बघितलं नव्हतं. आमच्या बैलानं मान वर करून वास घेतला. मालकाच्या हातातला कासरा त्यानं ओढला की मालकानं सोडला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. बैल तोरणाखालून आत गेला. त्याच्यामागं दुसरा, मग सगळे. कुणी धावलं नाही. जेवायला बसणाऱ्या माणसांसारखे सावकाश आत शिरले आणि खाली माना घातल्या.

"हाणा! हाणा त्यांना!" चेअरमन पायऱ्या उतरत ओरडले. "काठ्या घ्या!"

एकाही गड्यानं काठी उचलली नाही. पोळ्याच्या दिवशी बैलावर हात उगारणारा आमच्या भागात अजून जन्मायचा आहे. चेअरमननं स्वतः एकाच्या हातातली काठी ओढली. तेव्हा आबा पुढं झाले.

"चेअरमन, आज हाणायचं नसतंय."

"आबा, बाग खाल्ली माझी!"

"बाईसाहेबांनी आवतन दिलं, गावानं ऐकलं. पाव्हणं जेवायला आल्यात. पाव्हण्याला पानावरनं उठवायचं व्हय?"

मागून कुणी तरी म्हणालं, "कोबी वाढा जरा, कमी पडला!" पोरं खिदळली. व्हरांड्यातला एक साहेब रुमाल तोंडाला लावून हसत होता. चेअरमनच्या हातातली काठी तशीच खाली राहिली. पुढं निवडणुका होत्या आणि त्यांना ते ठाऊक होतं.

बैलांनी कोबी खाल्ला, हिरवळ मुळापर्यंत खरवडली, गुलाब काट्यांसकट चघळला. भिंतीला बांधायला आणलेलं डाळिंबाचं रोप आमच्या बैलानं दोरीसकट ओढलं. पांढऱ्या झारीवर कुणाचा तरी पाय पडला आणि ती चपटी झाली. बाईसाहेब फाटकापाशी ताट धरून उभ्या होत्या. निरांजन विझलं होतं. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू केलंस हे."

"म्या काय केलं, बाईसाहेब? चित्र हाय ते," मी म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही. पाणी होतं त्यांच्याकडं, डोळ्यांतही होतं. माझ्या पोरीचा पाय वळला तेव्हा आमच्या घरात रडायलाही ओल नव्हती. आजही दया येत नाही. फाडलेलं पान त्यांना कधी सापडलं की नाही मला माहीत नाही. सापडलं नसेल तर पुस्तक उघडून शोधत बसल्या असतील, असं मी मनात धरून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. मालकाच्या मुकादमानं त्याला आठवडाभर काम दिलं नाही, मग दिलं, कारण खडी फोडणारी माणसं कमी पडत होती. पहाटे मोटार चालू करायला गडी आला तेव्हा वस्तीतल्या आम्ही सगळ्या बायका घागरी घेऊन काठावर बसलो होतो. शेजारीण माझ्याजवळ बसली होती.

"कशाला चालू करतुस रं?" तिनं विचारलं.

"बागंला."

"कंची बाग?"

गडी डोकं खाजवत उभा राहिला. बघायला गेलं तर बंगल्यात माती होती आणि शेण होतं. तो हसला आणि निघून गेला. चेअरमननं नंतर मोटार काढून नेली. गावाला सांगितलं, सोसायटीनं पिण्याच्या पाण्यासाठी विहीर मोकळी केली. पेढे नाही वाटले एवढंच.

त्या रात्रीचं पाणी सकाळी विहिरीत तसंच होतं. थोडंच होतं, गढूळ होतं, पण काठावरून पोहरा सोडला तर भरून यायचा. धाकटीला उतरावं लागलं नाही. एकदाही नाही. सासूनं पहिली घागर बघितली, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "बैलानंच आणलं म्हणायचं." एवढंच म्हणाली. तिनं उभ्या जन्मात मला शाबासकी दिली ती हीच.

फोटो मी मागितला नाही. बंगल्याच्या भिंतीवर तो बरीच वर्षं होता म्हणतात. थोरलीला एकदा विचारलं, पाहिजे का. ती म्हणाली, "ती मी न्हवंच."

खरा दुष्काळ त्याच्यानंतर आला. नुसती मिलोची भाकरी, सरकारी सुकडी, अंगावरची कातडी सुटली. सासू शिमग्याच्या आधी गेली, भुकेनं नाही, म्हातारपणानं, पण पोटभर जेवून नाही. तोंडल्याचा वेल परत कधी लागला नाही. थोरली जगली, डाव्या पायानं लंगडत. धाकटी जगली. मालक जगला. बैल जगला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावून त्यानं आमचं रान नांगरलं. मी जगले.